चाक निघता निघेना

रेणापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात शेषेराव नावाचे गृहस्थ जीपमध्ये झोपत. घर होतं, चांगलं दगडी होतं. पण भूकंपाच्या पहाटे त्या घराच्या माळवदाने, डोक्यावरच्या लाकूडमातीच्या छताने, अशी काही कुरकुर केली की शेषेराव अंगणात आले ते पुन्हा रात्रीचे आत गेलेच नाहीत. वर्षं लोटली, गावाने भीती गिळली, लोक पुन्हा घरात घोरू लागले. शेषेराव मात्र जीपच्या मागच्या बाकावर पाय दुमडून पडत. जीपला कापडी हूड होता, आणि कापड अंगावर पडून कुणी मेल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. जीप चालायची कमी आणि अंथरायची जास्त. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आल्यागेल्याला सांगत, "मला सवत हाय बरं का. चार चाकाची."

अशा माणसाची मुलगी पुनम दहावीला चमकली. त्या वर्षांत सगळा मराठवाडा आपापली पोरं घेऊन लातूरकडे निघाला होता. पुनमचाही तिथल्या एका क्लासला नंबर लागला. अट एकच, अमुक दिवशी दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं. नाहीतर जागा पुढच्या मुलीला. राहायचं वसतिगृह तीन मजली. क्लासात काय शिकवतात हे शेषेरावांनी विचारलं नाही. इमारतीचे खांब किती जाड आहेत, एवढंच विचारलं.

निघायच्या दिवशी सकाळी जीपचं पुढचं चाक हवा जाऊन बसलेलं. गावातली एसटी केव्हाच निघून गेली होती. शेषेराव अजिबात घाबरले नाहीत, आणि हेच पुनमला खटकलं.

चाक बदलायला त्यांना कंधारच्या गुलाम रसूल मिस्त्रीने शिकवलं होतं, जीप घेतली तेव्हाच. "पहले पत्थर, बाद में पाना, आखिर में जॅक," हे त्याचं वचन शेषेरावांनी पोथीसारखं पाळलं. उरलेल्या चाकांना दगड लावले. हँडब्रेक ओढला. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला आणि स्टेपनी आडवी करून जीपच्या पोटाखाली सरकवली.

शेजारचा धोंडप्पा पारावरून उठून आलाच. "शेषेराव, चाक बदलून राहिलात का सत्यनारायण घालून राहिलात?"

"जॅक घसरला तर जीप स्टेपनीवर बसंल. तुझ्या डोक्यावर न्हाई."

नट निघाले. चाक निघेना. जीप वर्षातून चारदा बाजाराला गेली तर गेली. गंजलेल्या चाकाने आत कायमचा संसार थाटला होता. रॉकेल ओतून झालं. लक्ष्मीबाईंनी हळदकुंकू वाहून पाहिलं. धोंडप्पाने लाथ उगारली, तर जीप जॅकवर आहे म्हणून शेषेरावांनी तीही अडवली. मग तो हातोडा घेऊन आतून ठोकायला खाली शिरला. शेषेरावांनी त्याचा पाय धरून असा ओढला की धोंडप्पा बाहेर आला आणि धोतर आतच राहिलं.

"अधांतरी वस्तूखाली जायचं न्हाई! मग ते माळवद असू दे न्हाई तर जीप!"

धोंडप्पा धोतर गोळा करत म्हणाला, "मग चाक काय नवस बोलून निघंल?"

शेषेराव दगडावर बसले आणि तंबाखू मळू लागले. "न्हाई निघत बा. देवाच्याच मनात न्हाई तिनं जावं." बोलणं दुःखाचं होतं, पण चेहरा मुलाचं लग्न मोडता मोडता वाचलेल्या वरबापासारखा निवांत होता.

पुनम समोर येऊन उभी राहिली. "अप्पा, चाक निघत न्हाई, का तुम्हाला काढायचं न्हाई?"

शेषेरावांनी तंबाखूला आणखी चुना लावला. पोर रडली असती तर त्यांनी समजूत काढली असती. तिने बॅग खांद्याला लावली, आईच्या पाया पडली आणि फाट्याच्या दिशेने चालू लागली. तेव्हा मात्र मळलेली तंबाखू तशीच झटकून ते उठले.

"ये माघारी! धोंडप्पा, नट लाव सगळे. पण सैल ठेव, आवळू नको."

जीप खाली उतरवली. दगड काढले, हँडब्रेक सोडला. पुनमला स्टेअरिंगवर बसवलं, "थांब म्हणलं की ब्रेक दाब" एवढं शिकवलं, आणि तिघं ढकलू लागले. हातभर पुढं, हातभर मागं. पुढं. मागं. जीपच्या वजनाखाली चाक एकदम कडाडून जागचं सुटलं. लक्ष्मीबाईंनी सवयीने आधी माळवदाकडे पाहिलं. मग पुन्हा दगड, पुन्हा जॅक, पुन्हा पोटाखाली स्टेपनी. चाक आता पिकल्या सीताफळासारखं हातात आलं. स्टेपनी त्याच्या जागी बसवताना ते काढलेलं चाक पोटाखाली सरकवलं, आणि शेवटी नट आवळले.

रेणापूर मागे पडल्यावर पुनम म्हणाली, "ही युक्तीबी मिस्त्रीनंच सांगितली होती ना?"

"हाव."

"मग सकाळीच का न्हाई केली?"

शेषेरावांनी गिअर बदलला. "तू जाऊन राहिलीस म्हणून."

पुनमचे डोळे भरले. ती ओढणीने नाक पुसत म्हणाली, "मी तळमजल्यावरची खोली मागून घेते, अप्पा. म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको."

शेषेरावांनी कचकन ब्रेक दाबला.

"खुळी का काय! तळमजल्यात तीन मजले येतेत अंगावर. पार वरची माग, वरची! तिथं एकच छत हाय."

आणि बारा वाजत आले होते म्हणून त्यांनी जीप लातूरकडे जोरात पिटाळली.