झेंडेंचा बारावा देश

फुटबॉल टीमचं सामान ज्याच्या गाडीत असतं, त्याच्या डिकीत सीझन संपेपर्यंत दोन गोष्टी साठतात. एक म्हणजे जोडी न जुळणारे मोजे आणि दुसरी म्हणजे किस्से. मोजे मी सप्टेंबरमध्ये टाकून देते. किस्से टाकवत नाहीत, आणि घरी सांगायला जावं तर मंदार म्हणतो, मी तिथेच होतो की, मला काय सांगतेस! म्हणून आता तुम्हाला सांगते.

मी आमच्या ऑकलंडमधल्या हेन्डरसनच्या पस्तिशीपुढच्या टीमची मॅनेजर. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण टीममधल्या एकाही इंजिनिअरला ईमेलचं उत्तर वेळेवर देता येत नाही, म्हणून हे पद माझ्या गळ्यात पडलं. मंदार, म्हणजे माझा नवरा, गोलकीपर. बाकीचे सगळे पुण्या-मुंबईचे, आणि सगळे जन्माने क्रिकेटवाले. या सगळ्यांमध्ये एकच खरा फुटबॉलपटू, तो म्हणजे झेंडे.

झेंडे चेक आहे. खरं नाव झ्देनेक. आडनाव त्याहून अवघड, त्यात स्वर कुठे आहे ते शोधावं लागतं. आमच्या निखिलने पहिल्याच दिवशी प्रयत्न सोडून दिला आणि "झेंडे" करून टाकलं. वय चव्वेचाळीस, उंची सहा फूट तीन इंच, उजवा गुडघा कुरकुरणारा. कॅप्टन त्याला एकमताने केलं, कारण टॉसच्या वेळी उंच माणूस बरा दिसतो.

*

तो आला त्या दिवशी मी त्याला रजिस्ट्रेशनचा फॉर्म दिला. त्यात "आधीचे क्लब" असा एका ओळीचा रकाना आहे. मंदारने तिथे "कॉलेज (राखीव)" असं लिहिलंय. कांबळेंनी "नाही" लिहिलंय. झेंडेने माझ्याकडे जादा कागद मागितला.

मग बाकावर बसून तो लिहीत राहिला. चेक, स्लोव्हाकिया, पोलंड, सायप्रस, माल्टा, कझाकस्तान, ओमान, मालदीव, व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया. कागद पाठपोट भरला. निखिल माझ्या कानात म्हणाला, की हा थापा मारतोय.

कांबळे आमचे राइट बॅक. पूर्वी 'ते रापा' नावाच्या गावी दुधाच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते, आता आमच्याच गल्लीत राहतात. बोलतात कमी, पण कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी दोन दिवस नेटवर शोधाशोध केली आणि ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कझाकस्तानातली मॅच, सगळीकडे बर्फ, माणसं दिसतच नाहीत. मधेच एक उंच आकृती घसरून आडवी होते आणि बॉल जाळ्यात जातो. खाली कांबळेंनी लिहिलं होतं, "पडण्याची पद्धत तीच आहे. माणूस खरा आहे."

*

तेरेझा त्याची बायको. ती इथे नर्स आहे, तिच्या नोकरीमुळेच ही मंडळी न्यूझीलंडला आली. मॅचच्या वेळी ती माझ्याशेजारी थर्मास घेऊन उभी असते. नवऱ्याची सगळी अंडीपिल्ली मला तिनेच सांगितली.

झेंडेचा एक नियम आहे. ज्या देशात खेळायचं, तिथे निदान एक गोल करायचाच. आणि एकदा गोल झाला, की त्याचं मन तिथून उठतं, बॅगा भरायला लागतात. सायप्रसमध्ये दोन वर्षं लागली. मालदीवमध्ये सहा मिनिटं लागली, तेव्हा घरातलं सामान अजून उघडलंही नव्हतं.

इथे त्याचा दुसरा सीझन चालला होता आणि गोल काही होत नव्हता. तेरेझाला इथून हलायचं नव्हतं. त्यांच्या अकरा वर्षांच्या नेलाची ही सहावी शाळा, आणि पहिल्यांदाच तिला जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती. ती कोण, तर कांबळेंची इरा. दोघी दिवसभर एकत्र. इराशी आपण मराठीत बोलायचं आणि नेलाशी तेरेझाने चेकमध्ये, उत्तर दोघींकडून इंग्लिशमध्येच येणार.

तेरेझा मला एकदा म्हणाली, "स्ट्रायकरची बायको असून बॉल पोस्टला लागू दे म्हणून प्रार्थना करणारी जगात मी एकटीच असेन."

*

गोल का होत नव्हता, याची दोन कारणं. एक त्याचा गुडघा आणि दुसरं आम्ही.

त्याला पास मिळाला तर तो गोल करणार ना! आमच्या मंडळींची सगळी हयात क्रिकेटमध्ये गेलेली. एका मॅचमध्ये आम्ही चक्क एक-शून्यने पुढे होतो. शेवटची पाच मिनिटं होती, समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. बॉल उंच गेला, फिरला आणि आमच्या गोलसमोर खाली यायला लागला. निखिल मागे मागे पळाला, हवेत झेपावला आणि त्याने एका हाताने कॅच घेतला.

मैदानावर सुतकी शांतता. आमच्या बाजूने मात्र तिघांनी टाळ्या वाजवल्या, त्यात माझा नवरा होता. रेफरीने पेनल्टी दिली, तिच्यावर गोल झाला, वर निखिल मैदानाबाहेर गेला. झेंडे डोक्याला हात लावून खाली बसला. नंतर निखिलला तो एवढंच म्हणाला, की मी अकरा देशांत खेळलो, पण मॅच कुठली चालू आहे हे विसरणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

निखिलचं म्हणणं, काही झालं तरी कॅच चांगला होता. तो होताच.

*

मधे माझ्या सासूबाई ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. झेंडेची गोलची गोष्ट त्यांना कळली, तेव्हापासून त्यांचा जीव त्याच्यात अडकला. म्हणाल्या, एवढा मोठा बाप्या दर रविवारी हिरमुसून घरी जातो, ते काही बरोबर नाही. पुढच्या मॅचला त्या डबीतून दही-साखर घेऊन आल्या. झेंडेला बोलावलं, त्याचा तळहात पुढे करायला लावला आणि त्यावर चमचाभर दही घातलं.

झेंडेने अतिशय आदराने मान झुकवली, खाली वाकला आणि सगळं दही उजव्या गुडघ्याला चोळलं.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्याचंही फार चुकलं नव्हतं म्हणा. व्हिएतनाममध्ये एक म्हातारा मालिशवाला त्याच्या तळहातावर असाच लेप द्यायचा. सासूबाईंनी मराठीत त्याला चांगलंच झापलं, त्याने चेकमध्ये काहीतरी खुलासा केला, आणि दोघांचं एकमेकांशी पूर्ण पटलं असं दोघांच्याही चेहऱ्यावर दिसलं. त्या दिवशीही गोल झाला नाही.

पुढच्या रविवारी तो स्वतःहून सासूबाईंसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, गुडघ्याला खूप आराम पडला, आज डाव्यालाही द्या.

*

कांबळेंच्या जुन्या गावी, 'ते रापा'ला, आमची एक मैत्रीपूर्ण मॅच होती. झेंडे प्रोफेशनल माणूस, त्यामुळे त्याची सक्त ताकीद असते, की मॅचआधी तीन तास पोटात काही जाता कामा नये. नेमकी त्या दिवशी संकष्टी. गाडीत बसल्यावर मी त्याला सांगितलं, की आज अर्ध्या टीमचा उपवास आहे.

झेंडे भारावून गेला. ओमानमध्ये टीममधल्या सगळ्यांनी रमजानचे रोजे धरले तेव्हा त्यानेही पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कॅप्टनने टीमबरोबर राहिलं पाहिजे, मीही आज उपाशी राहणार, असं त्याने जाहीर केलं. तेरेझाने दिलेलं सँडविच त्याने तिथल्या तिथे कांबळेंना देऊन टाकलं.

हाफ टाइमला मी डबे उघडले. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचे लाडू, बटाट्याचे वेफर्स आणि वर केळी. झेंडेने एकेक डबा वाकून पाहिला. मग त्याने विचारलं, उपवास सुटला का? मी म्हटलं, नाही, चालू आहे.

आम्ही सपाटून हरलो. पण त्यानंतर दर रविवारी गाडीत बसल्या बसल्या झेंडेचा पहिला प्रश्न असतो, की आज उपवास आहे ना?

*

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत खुर्च्या लावायच्या कामासाठी मी यादी दिली होती. त्यात कांबळे, निखिल आणि झेंडे अशी नावं होती. संध्याकाळी पाटणकर काकूंचा फोन आला. काकूंना इथे तीस वर्षं झाली, त्यांच्या माहितीबाहेरचा मराठी माणूस ऑकलंडमध्ये राहू शकत नाही.

"हे झेंडे कोण गं? सासवडचे का? सासवडचे झेंडे आमच्या शेजारी होते."

मी म्हटलं, नाही काकू, ते ब्रनोचे.

"ते कुठे आलं? भोरच्या पुढे का?"

"बरंच पुढे," मी म्हटलं. मला खरंच हसू आवरत नव्हतं.

काकूंनी त्यांना सहकुटुंब जेवायलाच बोलावलं. नवीन माणसं आहेत, परक्या देशात कोणी विचारणारं नसतं म्हणाल्या. मी मुद्दाम काही बोलले नाही. रविवारी दुपारी मी, मंदार आणि ते तिघं काकूंच्या दारात. काकूंनी दार उघडलं. समोर सहा फूट तीन इंचांचा, निळ्या डोळ्यांचा, पिवळ्या केसांचा झेंडे. काकूंनी मान वर करून त्याला नीट न्याहाळलं. पापणीही लवली नाही हो त्यांची.

"या झेंडे," त्या म्हणाल्या. "उंची आईकडची का?"

*

आता पुकेकोहेच्या मॅचचं ऐका.

सीझनची ती शेवटची मॅच. त्याच आठवड्यात झेंडेला फिजीहून फोन आला होता. तिथल्या एका क्लबला खेळाडू-कोच हवा होता आणि उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. गुरुवारच्या प्रॅक्टिसला झेंडेनेच आम्हाला सगळं सांगितलं. रविवारी गोल झाला तर फिजीला हो, नाही झाला तर नाही. काम अर्धवट टाकून त्याने आजवर कुठलाच देश सोडला नव्हता.

 मला तर रडूच आलं. दोन वर्षांत तो माणूस आमच्या घरातला झाला होता. पण त्याला गोल मिळू नये असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? दुखऱ्या गुडघ्याने दोन सीझन तो एवढ्यासाठीच पळला होता. शेवटी कांबळेंनीच विषय संपवला. रविवारी प्रत्येक बॉल झेंडेला द्यायचा, त्याचा हक्क आहे, असं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुकेकोहेचं ते मैदान बटाट्याच्या शेताला लागून आहे, मधे फक्त तारेचं कुंपण. आदल्या दिवशीच्या पावसाने लाल चिखल झाला होता. रेफरी तिथलेच, तीन पिढ्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले एक वयस्कर गुजराती गृहस्थ. आम्ही ठरल्याप्रमाणे प्रत्येक बॉल झेंडेला दिला. दोनदा त्याच्याकडून उसळून बॉल निखिलकडे गेला आणि निखिलचेच दोन गोल झाले, बिचाऱ्याने दोन्ही वेळा झेंडेची माफी मागितली. दोन-दोन अशी बरोबरी होती आणि दोन मिनिटं उरली होती.

तेवढ्यात निखिलने आयुष्यातला पहिला सरळ पास दिला. त्यांचा गोलकीपर पुढे धावला आणि चिखलात घसरून पडला. झेंडेने त्याला वळसा घातला. समोर रिकामा गोल. त्याने घाई केली नाही, पायाच्या आतल्या बाजूने बॉल हळूच ढकलला. माझ्याशेजारी तेरेझाने पाठ फिरवली आणि माझा हात घट्ट धरला.

चिखलामुळे बॉल सावकाश चालला होता. आणि मला कांबळे दिसले. आमचे राइट बॅक कांबळे तीन सीझनमध्ये कधी अर्ध्या मैदानाच्या पुढे गेले नव्हते. घरी कोणीतरी थांबायला हवं, असं त्यांचं म्हणणं असतं. ते चष्मा सावरत असे पळत आले, की मी पाहतच राहिले. झेंडेला मागे टाकलं, पडलेल्या गोलकीपरवरून उडी मारली आणि गोलच्या रेषेवर पाय घालून त्यांनी बॉल असा काही फटकावला, की तो कुंपणावरून थेट बटाट्याच्या शेतात गेला.

 त्यांचा गोलकीपर चिखलात बसल्या बसल्या कांबळेंना म्हणाला, "चीअर्स, मेट." रेफरींनी माझ्याकडे पाहिलं, जणू याला काय द्यायचं ते मला ठाऊक असणार. मग घड्याळाकडे पाहिलं आणि शेवटची शिट्टी वाजवून टाकली.

कांबळे तिथेच खाली मान घालून उभे होते. चष्म्याच्या दोन्ही काचा चिखलाने भरलेल्या.

"सॉरी," ते म्हणाले. "पाय गेला."

झेंडेने बटाट्याच्या शेताकडे पाहिलं. तिकडे नेला आणि इरा हातात हात घालून बॉल शोधत होत्या. मग तो कांबळेंजवळ आला. त्यांचा चष्मा काढून घेतला, आपल्या जर्सीला पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. 

आमच्या क्लबची एक पद्धत आहे. मॅच संपली की कॅप्टनने "प्लेयर ऑफ द डे" निवडायचा, कार्डावर त्याचं नाव आणि निवडीचं कारण लिहायचं आणि ते कार्ड मी क्लबला पाठवायचं. मी भीत भीतच कार्ड आणि पेन झेंडेपुढे धरलं. माझ्या गाडीच्या डिकीत बसून त्याने ते गुडघ्यावर ठेवून सावकाश लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. तेरेझाने आणि मी एकदमच वाचलं.

नाव: कांबळे.

कारण: असा डिफेंडर मला अकरा देशांत मिळाला नाही.