सुदृढ बालकाचं ब्लडप्रेशर

“सही करा आणि मोकळ्या व्हा,” आमचे सुपरिंटेंडेंट म्हणाले. “पोराला पहिलं बक्षीस मिळालंय आणि तुम्ही ब्लडप्रेशर कसलं घेऊन बसलात?”

मी सही केली नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. कलकत्त्यात खिदिरपूरच्या एका दवाखान्यात मी मुलांची डॉक्टर होते. एका दूधपावडर कंपनीने तिथे सुदृढ बालक स्पर्धा भरवली होती. पहिला आला चार वर्षांचा बाळू. त्याची प्रकृती उत्तम असल्याचं मी लिहून द्यायचं, म्हणजे त्याचा फोटो जाहिरातीत झळकणार.

बाळूची आई सुमतीबाई. नवरा कस्टम्समध्ये, मुंबईहून बदलून आलेला. दवाखान्यात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून बाई माझ्याशी भडाभडा बोलायच्या. बाळू जन्मला तेव्हा मूठभर होता. जगतो की नाही अशी धास्ती. मग त्यांनी त्याला डब्याचं दूध, तूप, साखर, मिळेल ते भरवलं. पोरगं बघता बघता फुगलं आणि फुगतच राहिलं. यात बाईंची काय चूक? दर वेळी वजन वाढलं की आमचाच दवाखाना शाबासकी देत होता. माझा संताप होता तो यावर.

जन्मतः हडकुळं आणि मग झपाट्याने जाड झालेलं मूल आलं की मी पदरच्या पैशाने आणलेल्या लहान पट्ट्याने त्याचं प्रेशर बघायची. अशा काही मुलांचं चढं सापडलं होतं. बाळूचंही दर खेपेला चढंच येत होतं.

सुपरिंटेंडेंटांनी स्वतः तपासलं. “नॉर्मल!”

येणारच. दंडाला हवेचा पट्टा बांधतात, त्याला कफ म्हणतात. तो दंडाच्या मापाचा लागतो. फार रुंद असला तर प्रेशर आहे त्यापेक्षा कमी दिसतं. सरांनी बाळूला मोठ्या माणसाचा कफ बांधला होता, काखेपासून कोपरापर्यंत.

“सर, हा कफ मोठा आहे.”

“डॉक्टर लेले, माझे केस या धंद्यात पांढरे झाले. एवढ्याशा मुलांना प्रेशर नसतं.”

माझं डोकंच फिरलं. सरांना स्वतःला प्रेशरचा विकार होता. घरून अळणी डबा यायचा आणि त्याचा राग ते आमच्यावर काढायचे. मी कपाटातून मांडीला बांधायचा रुंद कफ काढला आणि त्यांच्या दंडाला गुंडाळला. स्टेथोस्कोप त्यांच्याच कानाला लावायला दिला.

त्यांचा चेहरा खुलला. “अरे वा! नॉर्मल!”

“अभिनंदन, सर. आजपासून इलिश माशाला भरपूर मीठ लावून खा. बाळूला ज्या हिशेबाने निरोगी ठरवलंत, त्याच हिशेबाने तुम्हीही बरे झालात.”

सर लालबुंद झाले. माझ्याकडे पुन्हा सही मागितली नाही. दुसऱ्या डॉक्टरकडून घेतली. फोटो छापून आला.

मी प्रेशरचं सांगितलं तेव्हा सुमतीबाई माझ्यापुढे ढसाढसा रडल्या. “डॉक्टरबाई, मीच का हो माझ्या लेकराचं वाटोळं केलं?”

“तुम्ही त्याला जगवलंत,” मी म्हणाले. “आता भरवताना जरा हात आखडा आणि त्याला पळू द्या.”

बक्षिसाचे डबे बाईंनी फोडलेच नाहीत. बाळू उंच होत गेला, वजन जागच्या जागी राहिलं. शाळेत जायला लागेपर्यंत प्रेशर उतरलं.

आणि सर? दवाखान्यात मुलांसाठी लहान कफ मागवा म्हणून मी किती डोकं आपटलं. त्यांनी मागवला नाही. मांडीचा कफ मात्र दुसऱ्याच दिवशी कुलपात ठेवायला लावला, चुकून कोणी त्यांच्या हाताला बांधू नये म्हणून. स्वतःच्या दंडाचं माप प्रत्येकाला बरोबर कळतं.