मावशींचे दहा रविवार

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचं दूध संकलन आटोपल्यावर. रक्कम साठ रुपये, एका मोठ्या रंगीत कागदाच्या छपाईची. हजर: दूध संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणतात, वेशीजवळ राहणारे आणि आयुष्यभर गवंडीकाम करून आता पाच गाई सांभाळणारे चाचा, धनगरवस्तीवरच्या मावशी, माझी मुलगी, संस्थेचा सचिव म्हणून मी, आणि दूध घालणारे पंधराएक सभासद. सभेचा वृत्तांत मी असाच सुरू करतो. पुढचं सगळं मात्र वृत्तांतात मावलं नाही, म्हणून ते इथे लिहितो.

सभेपुढे विषय एकच होता. मावशींचं खातं बंद करायचं की नाही.

जानेवारीच्या शेवटी आमच्या न्हावऱ्याच्या केंद्राचा टँकर दौंडच्या बाजूच्या शीतकरण केंद्रावर फॅट कमी लागल्यामुळे नापास झाला. अशा वेळी गावात प्रश्न विचारला जातो तो एकच, पाणी कुणी घातलं? बोट मावशींकडे गेलं. कारण एवढंच, की त्या रविवारी दूध घालत नाहीत. त्यांच्या सासरची माणसं पूर्वी मेंढ्या घेऊन फिरायची. मेंढ्या गेल्या, शेती आली, तीन गाई आल्या, पण घरातला एक नेम तसाच राहिला: रविवार खंडोबाचा, त्या दिवशीचं दूध विकायचं नाही. वस्तीवरच्या लेकरांना द्यायचं, आल्यागेल्याला द्यायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी टँकर नापास झाल्यावर लोक म्हणू लागले, "रविवारी न्हाई आणत, त्यात काहीतरी गोम हाय." तीन गाईंच्या दुधावर मावशींचं घर चालतं. आमच्या केंद्रानं खातं बंद केलं असतं तर आसपासच्या कुठल्याच केंद्रानं त्यांची किटली उतरवून घेतली नसती.

मी आबांना म्हणालो, "फॅटचं मशीन रोजचं माप साठवून ठेवतं. आकडे बघू, मग ठरवू."

आबा म्हणाले, "सेक्रेटरी, तुमचे आकडे तुमालाच कळत्यात. आमाला डोळ्यांनी दिसंल असं काहीतरी आणा."

म्हणून मी मुलीला सांगितलं. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. दौंडला माझ्या बहिणीकडे राहते आणि तिथून रेल्वेनं पुण्याला कॉलेजला जाऊन-येऊन करते. दूध सगळ्यात जास्त घालणारी घरं तीन, आबांचं, चाचांचं आणि आमचं. त्यांत मावशींचं चौथं धरून सत्तर दिवसांची रोजची सकाळची फॅट मी तिला पाठवली आणि शनिवारी मोटारसायकल घेऊन दौंडला गेलो.

बहिणीच्या स्वयंपाकघरातच तिनं लॅपटॉप मांडला होता. ती वापरते त्या संगणकाच्या भाषेचं नाव एकाच अक्षराचं आहे, आर. प्रत्येक घराच्या फॅटची तिनं एकेक रेघ काढली होती, आणि प्रत्येक चित्र वेगळं नाव देऊन ठेवून दिलं होतं.

"चित्र पक्कं झालं की त्याला नाव द्यायचं, पप्पा. मग मांडणी आपल्या हातात. दोन चित्रं शेजारी हवी असतील तर नावांच्या मध्ये उभी रेघ मारायची. एकाखाली एक हवी असतील तर तिरपी रेघ."

"एवढंच?"

"एवढंच. चित्रं पुन्हा काढावी लागत नाहीत."

बहीण भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे ताट वाढल्यासारखंच की. भाजी एकदाच करायची, ती डावीकडं वाढायची का उजवीकडं, ते नंतर बघायचं."

"हो आत्या, अगदी तसंच."

"मग यात शिकायला दोन वर्षं कशाला लागतात गं?"

तिघंही हसलो. मुलीनं वर दोन, खाली दोन अशी चार चित्रं मांडली. डावीकडच्या फॅटच्या आकड्यांची पट्टी चौघांना सारखीच ठेवली, तळाची दिवसांची पट्टीही एक ते सत्तर अशी सारखी. ही सूचना माझी होती. निरनिराळ्या मापांनी मोजलेलं एका कागदावर आणू नये, हे मला संगणक न येताही कळतं. स्टेशनजवळच्या दुकानात साठ रुपये देऊन कागद छापून घेतला. परत येताना मुलीनं तो गुंडाळून दोन्ही हातांनी असा धरला होता, की खड्डा आला तर माझा खांदा धरायला तिला हात मोकळा नव्हता.

रविवारी कागद केंद्राच्या भिंतीवर चिकटवला. एवढा नीटनेटका कागद आमच्या भिंतीवर पूर्वी कधी लागला नव्हता. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि मनात म्हटलं, हे माझ्या मुलीचं काम.

आबा काठी टेकत पुढे आले. वर डावीकडे त्यांचं चित्र, उजवीकडे चाचांचं. खाली डावीकडे आमच्या घरचं, उजवीकडे मावशींचं. पहिल्या तिन्ही चित्रांत पन्नासाव्या दिवसापासून सहा-सात दिवस रेघ खाली बसलेली होती. त्याचं कारण कुणाला विचारायची गरज नव्हती. त्याच आठवड्यात उसाची तोड आमच्या शिवारात आली होती, आणि तोड आली की गोठ्यागोठ्यात वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे पडतात. हिरवी वैरण फुकटात मिळते, जनावरं हावरटासारखी खातात, आणि फॅट उतरते.

"आमची तिघांची खाच एका जागेला हाय," आबा म्हणाले. "वाढ्यानं पडलं, कबूल." त्यांनी काठीचं टोक चाचांच्या खाचेवर ठेवलं आणि सरळ खाली मावशींच्या चित्रावर आणलं. तिथं रेघ वर होती. मावशींची खाच डावीकडे, आठवडाभर आधी होती. "हिची मात्र आधीच पडलीय. तवा शिवारात वाढं कुठं होतं? मग कशानं पडलं, मावशी?"

कुणीतरी मागून म्हणालं, "हापशानं."

काही लोक हसले. मावशी दाराशी उभ्या होत्या, पदर डोक्यावर. त्या म्हणाल्या, "माझ्या गाईनी काय खाल्लं ते मी सांगते. तुमच्याच रानातलं वाढं खाल्लं, आबा. तुमीच दिलंत."

"तारीख बघा की वो, मावशी. चित्र खोटं बोलत न्हाई. आन् हे बघा," आबांनी काठी उजवीकडे सरकवली. मावशींची रेघ साठाव्या दिवसाला थांबली होती, पुढची जागा कोरी. "टँकर नापास झाल्यावर दूधच बंद केलंय. भ्यायल्या."

इथं मी उठलो. "आबा, मावशींनी काल सकाळी दूध घातलं. माप मी स्वतः घेतलंय. परवाही घातलं. मग हे शेवटचे दहा दिवस कोरे कसे?"

मी मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. ती कागदाजवळ गेली, मावशींच्या रेघेवर बोट फिरवत टोकापर्यंत आली, आणि वळली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक माझी आहे. मशीन आधी दिवस लिहितं, मग महिना. माझा संगणक ते उलटं वाचत होता आणि निम्म्या तारखा नाकारत होता. म्हणून मी तारखा काढून टाकल्या आणि आलेली मापं एक, दोन, तीन अशी मोजली. मावशी रविवारी दूध घालत नाहीत, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. सत्तर दिवसांत दहा रविवार. त्यांची साठच मापं आहेत. ती मी मधे जागा न सोडता एकाला एक लावली. म्हणून त्यांची सगळी रेघ डावीकडे सरकली."

ती गप्प राहिली असती तर त्या खोलीत कुणालाही ते कळलं नसतं. मलाही नाही, मला फक्त काहीतरी चुकलंय एवढं दिसत होतं. कॉलेजात शिकणारी बावीस वर्षांची मुलगी, गावातल्या पंधरा पुरुषांसमोर, तिनंच सजवून आणलेल्या कागदापुढे उभी राहून स्वतःची चूक सांगत होती. मला वाटलेला अभिमान मी त्या वेळी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. सचिवानं सभेत तसं करू नये.

आबा म्हणाले, "आता बोलून काय? दाखवा की."

मुलीनं लॅपटॉप उघडला. एक ओळ बदलली, आधी दिवस मग महिना असं संगणकाला सांगितलं, आणि चारही चित्रं त्याच नावांनी पुन्हा ठेवली. मावशींच्या रेघेत आता दर रविवारी फट पडली होती, जशी ती खरोखर असते. मग ती मांडणीकडे वळली. मी म्हणालो, "वर दोन खाली दोन नको. आबांचं आणि मावशींचं चित्र समोरासमोर येतच नाही त्यात. माझ्या हिशेबाच्या रोजमेळासारखं एकाखाली एक घे."

"तुम्हीच घ्या, पप्पा."

तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. चार नावं, मध्ये तीन तिरप्या रेघा. तिरप्या रेघेचं बटण शोधायला मला वेळ लागला, मागून कुणीतरी म्हणालंही, "सेक्रेटरी, तेवढ्यात गाय व्याईल." पण तिन्ही रेघा मी मारल्या. चार चित्रं एकाखाली एक येऊन उभी राहिली आणि त्यांच्या तारखा एका ओळीत आल्या.

पडदा छोटा, मागच्यांना दिसेना. मुलगी एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद छापून घेऊन आली, काळापांढरा, दहा रुपये. तो आम्ही रंगीत कागदाशेजारी लावला. आबांनी पुन्हा काठी उचलली, तेवढ्यात चाचा म्हणाले, "आबा, काठी राहू द्या. तुमचा हात थरथरतो. काठी थरथरली की खाच हालती."

"चाचा, माझा हात काढू नका. तुमच्या भिंती बघितल्यात मी."

"माझी एकबी भिंत पडली न्हाई, आबा. पडली असली तर दाखवा."

चाचांनी खिशातून ओळंबा काढला. गवंडीकाम सोडून इतकी वर्षं झाली, तरी तो त्यांच्या खिशात असतो. दोरी त्यांनी कागदाच्या वरच्या कडेला धरली, आबांच्या खाचेच्या बरोबर मध्यावर, आणि वजन खाली सोडलं. दोरी हालली, स्थिरावली. आबांच्या खाचेतून निघाली, चाचांच्या खाचेतून गेली, आमच्या घरच्या खाचेतून गेली, आणि मावशींच्या खाचेच्या मध्यातून खाली उतरली.

"चार मजले, एक ओळंबा," चाचा म्हणाले. "आता बोला, आबा."

आबा चष्मा पुसून जवळ गेले. चारही खाचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हंजी सगळ्यांनीच वाढं घातलं."

"व्हय," मावशी दारातून म्हणाल्या. "आन् तुमची खाच सगळ्यात खोल दिसतीय, आबा. तुमच्या गाई दोन्ही टायमाला खात हुत्या वाटतं."

या वेळी सगळे हसले, आणि आबाही हसले. मग ते वळून मावशींना म्हणाले, "मावशी, आमचं चुकलं. खातं चालू राहील. आन् सेक्रेटरी, लिहून घ्या: तोडीच्या दिवसांत निम्मी कोरडी वैरण घालायची, सगळ्यांनी. मी धरून." तेवढं मी वृत्तांतात लिहिलं.

उठताना आबांनी मुलीला विचारलं, "पोरी, तुझे किती द्यायचे?"

"माझे काही नाही, आबा. पहिला कागद चुकीचा होता, त्याचेही घेणार नाही. दुसऱ्याचे दहा द्या."

ती पायरी उतरत होती तेवढ्यात मावशींनी तिला थांबवलं आणि पिशवीतून झाकणाचा तांब्या काढून तिच्या हातात दिला. "आजचं हाय बाय. दौंडला आत्याला ने." मी सवयीनं विचारलं, "मावशी, किती लिहू?" त्या म्हणाल्या, "रविवार हाय नव्हं?"

हिशेब असा मिटला. दौंडच्या छपाईवाल्याला साठ रुपये, माझ्या खिशातून. न्हावऱ्याच्या झेरॉक्सवाल्याला दहा रुपये मुलीनं दिले होते, ते संस्थेनं तिला परत केले, पावती घेऊन. मावशींना तांब्याभर दुधाचं काही दिलं नाही.