बेटावरच्या माणसांचा सवाल

किरनापूरच्या रस्त्यावर आमच्या गावच्या फाट्यावर चहाची टपरी आहे. मी तिथं बसलो होतो. बस आली, पण थांबली नाही. कंडक्टरनं दारातून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "पटेल, सायकलवाला डोमाजी गया! सबेरेच गया!" आणि बस निघून गेली... हातातला चहा तसाच राहिला. पहिला राग आला तो कंडक्टरचा. अरे, माणूस गेला, तर गाडी थांबवून सांगशील की नाही? मग वाटलं, डोमाजी असता तर दुसऱ्याच दिवशी डेपोत जाऊन उभा राहिला असता आणि विचारलं असतं, "गाडी काहून थांबवली नाई? कायदा काय म्हणते?"

याला आता महिना झाला. मी तिसरी शिकलेला माणूस. पेपरात लिहिणं माझं काम नाही. पण डोमाजीवर दुसऱ्या कोणी लिहिलं तर तो माझ्याबद्दल चांगलं लिहील, आणि ते खोटं असेल. म्हणून मीच बसलो. डोमाजीची पोरगी सुजाता शाळेत मास्तरीण आहे, तिनं काना-मात्रा नीट केल्या. बाकी एक शब्द मी तिला बदलू दिला नाही.

आम्ही दोघं एका गावचे. पण एका गावचे म्हणजे मी नाल्याच्या अलीकडचा आणि तो पलीकडचा. तरणा असताना तो तिरोडीच्या खाणीवर गेला. मॅंगनीजचे काळे गोटे वॅगनीत भरायचं काम. तिथं त्यानं मुकादमाला विचारलं, हा गोटा जाते कुठं? मुकादम म्हणाला, जहाजात. जहाज जाते कुठं? मुकादमानं त्याला शिवी दिली. वॅगनीच्या दारात डाव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा तो परत आला आणि किरनापूरला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. पण गोटा कुठं जाते, ते काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. आठ बोटांनी पंक्चर काढता काढता येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तेच विचारायचा.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पांढरे कपडे घालून सरळ माझ्या अंगणात. त्याआधी आला की तो खाली, जमिनीवर बसायचा. त्या दिवशी बसलाच नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "पटेल, बसायले सांगतेस का जाऊ?" मीही हट्टी. सुपारी कातरत बसलो. तोही हलला नाही. शेवटी मी खाट सरकवली. पण ती पायानं सरकवली होती, हातानं नाही. हे त्यानं मला पुढं वीस वर्षं ऐकवलं. "पायानं का होईना, सरकवली," म्हणायचा आणि हसायचा. आमची दोस्ती त्या खाटेपासूनची.

दुकानात त्यानं एक रेडिओ घेतला. सकाळी हिंदी पेपर यायचा. संसदेत कोणीही मेंबर सरकारला सवाल विचारू शकते आणि मंत्र्याला त्याचा जवाब द्यावा लागते, हे त्याला कळलं त्या दिवशी तो सायकलीचं चाक हातात धरून माझ्याकडं पाहतच राहिला. "मंत्र्याले उभं राहा लागते, पटेल! उभं! बसून नाई चालत." त्या दिवसापासून गाणी बंद, सवाल चालू. चीनची लढाई झाली तेव्हा फौजेच्या बुटांचा सवाल. पाकिस्तानची झाली तेव्हा बंदुकांचा. कोणत्या मेंबरनं काय विचारलं, मंत्री कुठं अडखळला, सारं त्याला तोंडपाठ. दुकानात कोणी सायकल घेऊन आला की आधी त्याला लष्कराचं धोरण ऐकावं लागायचं, मग हवा मिळायची.

आणि मग ते बेट निघालं. सत्तरच्या पुढची गोष्ट. त्याचं नाव मला आजही नीट घेता येत नाही. हिंदी महासागरात कुठं तरी आहे. पेपरात आलं होतं की तिथं परदेशातली फौज अड्डा बांधून राहिली आहे, विमानांची पट्टी, जहाजांचा धक्का. मी त्याला म्हटलं, "तुले काय करा लागते? बालाघाटले समुद्र आहे काय बे?"

"वैनगंगेचं पाणी कुठं जाते, पटेल?"

"खाली जाते."

"खाली कुठं?"

मी बिडी पेटवली.

"अन् तिरोडीचा गोटा कुठून जाते? त्याच समुद्रातून. थ्या वाटेवर दुसऱ्याची फौज बसली, तं आपण इचारायचं नाई?" मग त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "पर माह्या डोक्यात दुसरंच हाये. थ्या बेटावर कोणी राह्यत असंल ना? मासे मारणारे, नारळ पाडणारे. अड्डा बांधायच्या आधी त्याले कोणी पुसलं काय?"

मी म्हटलं, "लष्कर कोणाले पुसते?"

"आपल्याले तरी कोणी कधी पुसलं होतं?" डोमाजी म्हणाला. पाय आठवला माझा.

त्यानं सवाल लिहिला. पंधरा दिवस लिहीत होता. सवाल लहान पाहिजे, त्यात भाषण नको, हे त्यानं कुठून तरी शोधलं होतं. दोन भाग केले. पहिला, परक्या फौजेचा अड्डा होऊन राहिला हे सरकारला माहीत आहे काय, आणि सरकारचं म्हणणं काय. दुसरा, त्या बेटावर माणसं राहतात काय, आणि राहत असतील तर त्यांना कोणी विचारलं काय. पाकिटात घातला, डिंक लावला. आमचे खासदार बालाघाटला एका मोठ्या माणसाच्या घरी उतरणार होते. डोमाजी मला म्हणाला, "तू जा. पोस्टानं धाडलं तं थैलीत राह्यते. मी गेलो तं मले फाटकापाशी उभं ठेवतीन. तू पटेल माणूस, तुले ओट्यावर बसवतीन." मीही छाती फुगवून गेलो. धुतलेलं धोतर, टोपी.

ओट्यावर बसवलं, खरं आहे. वीसेक माणसं होती. खासदाराचा कारभारी म्हणाला, "क्या है इसमें?" मी म्हटलं, सवाल आहे, समुद्राचा. तो म्हणाला, "पढ़ के सुनाओ." मी पाकीट फोडलं नाही. इतक्या लोकांत अक्षर लावत लावत वाचलं असतं तर माझी तिसरी उघडी पडली असती. मी म्हटलं, तुम्हीच वाचा. तो हसून बाकीच्यांना म्हणाला, "बालाघाट में समुंदर आ गया क्या, पटेल?" सारा ओटा हसला. माझाच विनोद, माझ्याच तोंडावर. मी पाकीट खिशात घातलं, जोडा पायात घातला आणि आलो.

किरनापूरला उतरलो तेव्हा डोमाजी दुकान सोडून रस्त्यावर उभा होता. "देला काय?"

"देला," मी म्हटलं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो माझ्या अंगणात पेढे घेऊन आला. रेडिओवर ऐकलं होतं, लोकसभेत बेटाचा सवाल निघाला, मंत्री उभा राहिला. "लागला, पटेल, आपला सवाल लागला!" मी पेढा खाल्ला. काय करणार? पाकीट माझ्या पेटीत, जमिनीच्या कागदाखाली होतं. तो गावभर सांगत फिरला, पटेलनं नेला म्हणून झालं, मी गेलो असतो तर फाटकापाशीच राहिलो असतो. चहाच्या टपरीवर लोक मला जागा देऊ लागले. आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं.

पुढं त्यानं दिल्लीला पत्र लिहून त्या दिवसाच्या सवाल-जवाबाचं छापील पान मागवलं. ते आलं त्या दिवशी मी दुकानात होतो. तो ते घेऊन आत गेला, वाचलं, घडी करून ठेवून दिलं. मी म्हटलं, "काय हाय?" म्हणाला, "तेच, रेडिओवर सांगतलं थेच." आणि पंक्चर काढायला बसला. पण त्या दिवसापासून त्याला एक सवय लागली. मी उठून निघालो की तो मान वर न करता विचारायचा, "अजून काई सांगायचं राह्यलं काय, पटेल?" मी म्हणायचो, "नाई बे. काय राह्यते?" मला वाटायचं, हा त्याचा राम राम आहे.

शेवटची भेट झाली तेव्हा तो खाटेवर होता. बोलताना धाप लागायची. मी निघालो, दारापर्यंत आलो. मागून आवाज आला, "अजून काई... राह्यलं काय, पटेल?" मी चौकटीला हात लावून उभा राहिलो. जिभेवर आलं होतं. पण त्याची बायको तिथं होती, सुजाता होती, आणि मी मोठा माणूस... म्हटलं, "नाई. आराम कर."

तेराव्याला नाही, त्यांच्यात तसं नसतं, पण पंधरा-वीस दिवसांनी सुजातानं मला बोलावलं. म्हणाली, "काका, बाबा म्हणे का हे पान तुमालेच द्यायचं." तेच छापील पान. मी म्हटलं, वाच. तिनं हिंदी वाचलं. सवाल विचारणारा मेंबर दक्षिणेकडचा कोणी होता. आमचा खासदार नव्हता. नाव वरच छापलं होतं. अड्ड्याचं विचारलं होतं. सरकारला माहीत आहे, सरकार विरोधात आहे, असा जवाब होता. माणसांचा एक शब्द नव्हता. आणि खाली कोपऱ्यात, पेन्सिलीनं, त्याच्या आठ बोटांचं अक्षर. सुजाता वाचायला लागली, मी म्हटलं, थांब, हे मी वाचतो. लावत लावत वाचलं.

"हा दुसऱ्याचा सवाल. आपला नाही लागला. माणसाचं कोणी पुसलं नाही. पटेल सांगल तवा पाहू."

पान आलं त्याच दिवशी त्याला कळलं होतं. आणि तरी टपरीवर माझं नाव सांगत राहिला, आणि दारातून जाताना मला रोज एकदा विचारत राहिला. मी सुजाताला तिथंच सारं सांगितलं. तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, "पाकीट हाय काय अजून?"

आहे. डिंक सुटला आहे, कागद पिवळा पडला आहे. ते बेट तिथंच आहे, फौज तिथंच आहे. खासदार बदलले, ओटा तोच आहे. येत्या बाजाराच्या दिवशी नवे खासदार तिथं येणार आहेत. मी जाणार आहे. कारभारी म्हणेल, पढ़ के सुनाओ. मी बसणार नाही. उभा राहीन, आणि अक्षर लावत लावत दोन्ही भाग वाचीन, दुसरा आधी. हसायचं त्यानं हसावं.

येताना किरनापूरला उतरीन. दुकान बंद आहे, पण बाहेरचा स्टूल त्याच्या बायकोनं अजून आत घेतलेला नाही. त्याच्यापाशी उभं राहून सांगीन, "देला, डोमाजी. आता काई राह्यलं नाई."