आईची करंगळी

आईनं उभ्या आयुष्यात तो शब्द तोंडातून काढलेला नाही. आमच्या घरात कुणीच काढत नाही. शाळेतल्या पोरांसारखी करंगळी वर करायची, नाहीतर नुसतं म्हणायचं, जायचंय. कुठं, ते समोरच्यानं ओळखायचं. घरात हे चालून जातं.

चांदवडला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आईला रक्तदाबाची जी गोळी आहे, तिनं सारखं जावं लागतं. म्हणून प्रवासाच्या दिवशी ती सकाळपासून पाण्याला शिवत नाही. पण मांडवात उकडून जीव चालला होता, आणि कुणीतरी आग्रह करकरून तिला दोन ग्लास मठ्ठा पाजला. मी लांबून बघत होते. एवढं ऊन, पिऊ दे बिचारीला, असं मलाही वाटलं.

परतताना बसचा टायर बसला. पुरुष मंडळी उतरली, रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी राहिली आणि मोकळी होऊन आली. आम्ही बायका आपापल्या सीटवर मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या. मी आईला विचारलं, जायचंय का? ती म्हणाली, एवढ्या माणसांसमोर कुठं जाऊ, नाशिक येईलच आता. नाशिक आलं तेव्हा मध्यरात्र होत आली होती. गाडीनं आम्हाला द्वारका चौकात उतरवलं आणि ती निघून गेली. आईनं पदराआडून करंगळी दाखवली. चेहरा घामानं डबडबला होता.

नाशकात जन्म गेला माझा, पण रात्रीचं शौचालय कुठं असतं ते मला ठाऊक नव्हतं. चौकापासून जरा आत एक आहे असं अंधुक आठवत होतं. आईचा हात धरून तिथं गेले. 'महिला' लिहिलेल्या दाराला कुलूप. गंजलेलं मेलं, कित्येक दिवस कुणी उघडलं नसेल. पुरुषांच्या बाजूला मात्र दिवा चालू आणि दार सताड उघडं. तिथं पायरीवर दोघं जण बाटली घेऊन बसले होते. त्यातला एक आमच्याकडे बघत म्हणाला, "या की, इकडं मोकळंच आहे." दुसरा हसला. पहिला उठायला लागला. आईला ओढतच मी मागे फिरले. तिला भराभर चालता येत नव्हतं, ती गुडघे जवळ धरून चालत होती. मागे चपलांचा आवाज येतोय असं वाटत होतं, पण मान वळवून बघायची हिंमत होईना. हॉटेलांची शटरं ओढलेली. पेट्रोल पंपावर साखळी लावलेली. झाडाचा आडोसासुद्धा नाही, होता तिथं माणसं झोपलेली.

तेवढ्यात रिक्षा थांबली. पन्नाशीचा माणूस होता, कुठं जायचं म्हणाला. मी सिडको म्हटलं आणि आईला आत ढकललंच जवळजवळ. घरापर्यंत धरशील ना, असं मी तिच्या कानात विचारलं. तिनं मान हलवली, आणि लगेच करंगळी वर केली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. ते बघणं मला मुळीच आवडलं नाही.

मुंबई नाक्याकडे सरळ जायचं सोडून त्यानं रिक्षा उजवीकडे, जुन्या नाशकाच्या गल्ल्यांत घातली. मी विचारलं, इकडून कुठं? तो म्हणाला, येतंय, येतंय. काय येतंय, ते सांगेना. गल्ली अरुंद होत गेली, दिवे संपले. मी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. तो मान खाली घालून चालवत होता. मोबाईलवर पोलिसांचा नंबर काढला तर घाईत भलतंच दाबलं गेलं. पिशवीत ओटीचा नारळ होता. तो मी हातात घेतला आणि मनाशी ठरवलं, हा थांबला की याच्या डोक्यात घालायचा. आई माझ्या दंडाला धरून बसली होती, तिची नखं रुतत होती.

एका बोळात रिक्षा थांबली. मी जीव खाऊन ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नारळ डोक्याच्या वर धरला होता एवढं आठवतं.

त्या माणसानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. खाली मान घालून म्हणाला, "ताई, घर आहे माझं. मावशींना जायचंय ना?"

त्यानं करंगळी बघितली होती. बघून काही न बोलता तो आम्हाला आपल्या घरी घेऊन आला होता. परक्या बाईशी त्या विषयावर बोलायचं कसं, म्हणून सारा रस्ता 'येतंय'च्या पलीकडे तोंडातून शब्द काढला नव्हता बापड्यानं. अरे, एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं! पण मी तरी कुठं बोलले होते? रिक्षात बसताना सांगायला मला काय झालं होतं? मी सिडको म्हटलं.

माझा ओरडा ऐकून त्याची बायको दार उघडून बाहेर आली. तिनं दारावरचा दिवा लावला. मी खाली उतरले, आईला हात दिला. आई उतरेना. मी म्हटलं, ऊठ, घर आहे त्यांचं, मी येते बरोबर. ती समोरच्या पत्र्याकडे बघत राहिली.

"आता नाही जायचं," ती म्हणाली.

मला कळायला क्षण लागला. रिक्षावाल्याला माझ्या आधी कळलं. तो खाली उतरून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि बायकोला हळूच म्हणाला, "दिवा बंद कर." तिनं केला. मग अंधारातच तिनं आपलं धुवट लुगडं आणून माझ्या हातात दिलं. सीट पुसायला मी ओढणी काढली, तर तिनं माझा हात धरला आणि राहू द्या म्हणाली.

परवा निफाडहून बारशाचं बोलावणं आलं. मी आईला म्हटलं, सकाळीच जाऊ आणि उजेडात परत येऊ. ती म्हणाली, मला कुठंच नाही जायचं. मी वाद घातला नाही. तिच्या उशाशी रात्री भरून ठेवलेला तांब्या सकाळी उचलला, तर तो काठोकाठ तसाच होता. घरात, स्वतःच्या खाटेवर, मोरीपासून चार हातांवर झोपते, तरीही आई आता पाणी पीत नाही.