साहेबांच्या मार्फत

"चपला इथं ठेवल्या तर माकडं नेतील. तू धर."

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून वर आलो होतो. जिल्हा न्यायाधीशांच्या बाईसाहेबांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. मी दिवाणी न्यायाधीश. नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात, याच साहेबांच्या हाताखाली, नोकरी अजून प्रोबेशनवर. रजा काढून जुन्नरच्या डोंगरात घरी आले होते. साहेबांचा फोन आला, "तू तिकडचीच ना? आम्ही दर्शनाला येतोय." म्हणजे हजर राहायचं. असं कुठंही लिहिलेलं नाही, पण सगळे राहतात.

माझे वडीलही आले होते. लेकीचे मोठे साहेब येणार म्हणून धुतलेली टोपी घालून. साहेबांसाठी आणलेलं घरच्या तांदळाचं पोतं खाली पायथ्याच्या दुकानात ठेवलेलं. त्यांनी माझ्या हातातल्या चपला पाहिल्या.

"आण हिकडं. तुझ्या हातात नगं, बाय."

घेतल्या. आत आरती चाललेली, आणि माझा बाप बाहेर कुणाच्या तरी चपला छातीशी धरून उभा.

साहेब बाहेर आले. "हे कोण?"

"माझे वडील."

"अच्छा. मग तांदूळ तेच टाकतील गाडीत."

उतरताना साहेब हळूच विषयावर आले. माझ्यापुढं एका बाईचा दावा होता. तिच्या विहिरीच्या वाटेत एक पुढारी भिंत घालत होता. ती मनाईहुकूम मागत होती.

"सोमवारी हुकूम करू नकोस. नुसत्या तारखा देत राहा. आपलेच पाहुणे आहेत."

"साहेब, दावा माझ्यापुढं आहे. त्यावर मी इथं बोलणार नाही."

ते हसले. "आणि तुझ्या कामाचा अहवाल माझ्यापुढं आहे."

सोमवारी दोन्हीकडचं ऐकलं, कागद पाहिले, मनाईहुकूम दिला. बाईचं खरं होतं म्हणून दिला.

अहवाल आला. वर्तन असमाधानकारक. प्रोबेशन लांबलं. बरोबरीचे न्यायाधीश जेवायला शेजारी बसेनासे झाले. एक जण म्हणाला, "मॅडम, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

मी वर, हायकोर्टाकडं, तक्रार केली. ती परत आली. वरिष्ठांच्या मार्फत पाठवावी. वरिष्ठ म्हणजे तेच साहेब. कुंपणच शेत खातंय, आणि गाऱ्हाणं कुंपणाकडंच द्यायचं.

वडिलांना फोनवर सांगितलं.

"तुमच्यासाठी कोरट नसतंय व्हय गं?"

रोज खुर्चीवर बसते, लोक उठून उभे राहतात. ते माझ्याकडं दाद मागतात. मी कुणाकडं मागू? बदली कुठं होईल, नोकरी राहील का, माझ्या हातात काहीच नाही. फार एकटं वाटतं.

काल तीच तक्रार घेऊन साहेबांच्या चेंबरमध्ये गेले.

"हे काय?"

"तुमच्याविरुद्धची तक्रार. तुमच्या मार्फत वर जायची आहे."

"अक्कल आहे का? घरी बसशील."

"बसेन. पोच द्या, साहेब."

त्यांनी कागद टेबलावरून सरकवला. खाली पडला. मी उचलला आणि पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला.

पोच मिळाली नाही. उद्या परत जाणार आहे. परवाही. आणि मला काढेपर्यंत माझ्यापुढं येणाऱ्या दाव्याचा निकाल मीच देणार.