त्या दोन वर्षांचं काय करायचं

यवतमाळच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे नीळकंठ सर थकले होते. शिकवण्याने नव्हे, पीएच.डी.ने. बरोबरीचे सगळे कधीच डॉक्टर होऊन बसले. एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी अवधूत तर आता त्यांचा मार्गदर्शक होता. निवृत्ती तोंडावर आली होती आणि प्रबंधाची शेवटची मुदतवाढही संपत आली होती.

विषय मात्र त्यांनी हौसेनं निवडला होता. ज्या मुलखात जे चांगलं पिकतं ते त्यानं पिकवावं, बाकीचं विकत घ्यावं, म्हणजे व्यापारात सगळ्यांचंच भलं होतं, असं पुस्तक सांगतं. ते खरं का, हे वऱ्हाडाच्या इतिहासावर तपासायचं. रेल्वे आली, कापूस विलायतेला निघाला, ज्वारी मागे हटली. त्या काळचे भाव शोधताशोधता सरांच्या चष्म्याचा नंबर तेवढा वाढला. पुस्तकाचं म्हणणं बहुतेक खरंच निघालं. फक्त दुष्काळाच्या दोन वर्षांत सगळं कोलमडायचं. कापूस बुडाला, मजुरी बुडाली, आणि विकतची ज्वारी घ्यायला लोकांच्या हातात काही उरलं नाही.

"ती वर्षं अपवाद म्हणून वगळा, सर," अवधूत म्हणाला. "लगेच सही देतो."

वाद घालायचं त्राण सरांत नव्हतं. त्यांनी वर्षं वगळली. तक्ते कसे सरळ आले. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. सरांच्या बायकोनं, शोभाताईंनी, पितरांची पानं वाढली आणि दरवर्षीसारखं दाराशी एक वेगळं पान मांडलं. पळसाची पत्रावळ, वर नुसती ज्वारीची भाकर. सर जन्मभर त्या पानाला वळसा घालून गेले होते, विचारलं कधीच नव्हतं. आज विचारलं.

"कोणाचं व्हय हे?"

"तुमच्या आईनं सांगतलं होतं मले. मोठ्या दुकाळात घरातले जे भुकेनं गेले, त्याइचं. नावं कोणाले माहीत नाहीत, म्हणून साऱ्याइले मिळून एक. तुम्हाले ठाऊक नाही?"

सर तिथेच उंबऱ्यावर बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली. दुपारीच त्यांनी वगळलेली दोन्ही वर्षं तक्त्यांत परत घातली आणि प्रबंध अवधूतला पाठवून दिला.

संध्याकाळी अवधूतचा फोन आला. वर्षं परत जागेवर पाहून तो वैतागला होता. "अशानं सही होणार नाही, सर. मुदत संपून राह्यली. काहून अडून बसले? दोनच तर वर्षं आहेत."

"हो," सर म्हणाले. "पण आमच्या घरी त्यांचं पान वाढतात."

सही झाली नाही. निरोप समारंभाच्या पत्रिकेवर नुसतंच 'श्री. नीळकंठ' छापून आलं. प्रबंधाचा गठ्ठा शोभाताईंनी धूळ झटकून कपाटावर ठेवला. तो तिथंच पडून आहे, दोन्ही वर्षांसकट.